हात वर केला की सोड

एका गावात एक भोळा भाचा होता. गाव हिंगणवाडी, भाच्याचं नाव केरबा. त्याला भाचा अशासाठी म्हणायचं, की सगळा गाव त्याला शिदूमामाचा भाचा म्हणूनच ओळखायचा. शिदूमामाला कुणी विचारलं, तर तो 'लांबचा' म्हणून सांगायचा. लांबचा कसला, सख्ख्या बहिणीचा होता.

केरबा अंगानं दणकट आणि मनानं साधा. कुणाचं ऐकलं नाही असं त्याच्या हातून कधी झालं नाही, आणि खोड तीच होती. सांगाल ते तो ऐकायचा, आणि सांगाल तेवढंच ऐकायचा. त्याची आई हौसाबाई एकदा म्हणाली, "काशीकाकीकडनं विरजण आण जा. आणि तिथं लई बोलत बसू नगंस." केरबा गेला. वाटी घेऊन काकीच्या दारात उभा राहिला. काकी म्हणाली, काय रं? केरबा गप्प. काकी म्हणाली, कशाला आलास? केरबा गप्प. काकीनं घाबरून आधी त्याला अंगारा लावला, मग वैदूला बोलावलं. वैदूनं जीभ बाहेर काढायला लावली. केरबानं काढली. रिकामी वाटी घेऊन तो घरी आला आणि आईला म्हणाला, "एक शब्द बोललो न्हाई."

असा सगळा कारभार. त्याच्या डोक्यात एकदा गेलेलं बाहेर येत नसे. आत जागा ऐसपैस होती.

आता अशा पोराला मुलगी कोण देणार? हौसाबाईला घोर लागला होता तो हाच. बरोबरीच्या पोरांची पोरं शाळेत जायला लागली, आणि आमचा केरबा अजून दुसऱ्याच्या वरातीत बत्ती धरतोय. पण गंमत बघा. तांबेखडकची शालन, दौलततात्यांची लेक, एकदा आठवड्याच्या बाजाराला अंड्यांची पाटी घेऊन आली. तिला बांगड्या भरायच्या होत्या. समोर केरबा उभा होता. ती म्हणाली, "जरा पाटी धरा. मी येईस्तोवर हलू नका." बांगड्या भरताना तिला मैत्रीण भेटली, मैत्रिणीला टेम्पो भेटला, आणि दोघी बोलत बोलत गावी गेल्या. घरी आईनं पाटी कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा शालनला पाटी आठवली. ती पळत माघारी आली. बाजार उठला होता. पालं गेली होती. मोकळ्या मैदानात केरबा तेवढा पाटी घेऊन उभा होता, आणि त्याच्या पायाशी एक कुत्रं झोपलं होतं. अंडं एकही फुटलं नव्हतं.

शालननं आजवर बाप पाहिला होता, भाऊ पाहिले होते, चुलते पाहिले होते. सांगितलेलं ऐकणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. घरी जाऊन तिनं सांगून टाकलं, लग्न करीन तर याच्याशीच.

दौलततात्यांनी मिशीवरून हात फिरवला. ते म्हणाले, "पोरगं भोळं हाय म्हणत्यात. असू दे. पण हिंगणवाडीच्या जत्रंत, आखाड्यात, त्यानं विमान उडवून दाखवावं. आणि न मोडता उतरवावं. त्याचे हात तरी ठिकाणावर हायत का, ते मला बघायचंय."

विमान म्हटल्यावर दचकू नका. हिंगणवाडीची रीतच तशी. तिथं जत्रेतल्या कुस्त्या संपल्या, की त्याच आखाड्यात छोटी छोटी विमानं उडवतात. आखाडा गोल, आणि हे विमानही गोलच फिरतं. त्याला दोन बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात. दोऱ्यांची टोकं एका मुठीला. मूठ हातात घेऊन माणूस मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती घरघरत फेऱ्या मारतं. मूठ वर कलवली की शेपटीची पट्टी वर होते आणि विमान चढतं. खाली कलवली की उतरतं. विमान फिरेल तसं उडवणाऱ्यानंही जागच्या जागी फिरायचं. बॅटरी संपली की मोटार थांबते, विमान अलगद जमिनीला लागतं, आणि उडवणारा त्याच्यानंतर जमिनीला लागतो.

ही विमानं करण्यात शिदूमामाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटारींना दिवसभर तांब्याची तार भरायची, आणि गिऱ्हाईक गेलं की विमान काढून बसायचं. थर्माकोलचे पंख, बांबूच्या कामट्या, नाकाला अंगठ्याएवढी मोटार, मोटारीला पंखा, पोटात बॅटरी. हौसाबाई त्याच्याकडं रडत आली आणि म्हणाली, "दादा, माझ्या पोराचा संसार आता तुझ्या दोरीला लटकलाय." मामाला बहिणीची दया आली. तिथंच तो फसला.

दुसऱ्या दिवशी मामा केरबाला माळावर घेऊन गेला.

"उडवायचं मागनं बघू. आधी विमान धरायला शीक," मामा म्हणाला. "मी मधी मूठ घेऊन उभा ऱ्हाणार. तू हितं विमान धरायचं. मी हात वर केला की सोड."

केरबानं सोडलं.

"आत्ता न्हाई, लेका. मी हात वर केल्यावर. आणि सोडलंस की जागचा हलू नगंस. खाली बसून ऱ्हा, दोऱ्या डोक्यावरनं जात्यात. त्याच्यामागं पळायचं न्हाई. ते गोल फिरून परत हितंच येतंय."

केरबानं ते डोक्यात घातलं. मामा मूठ घेऊन मधे निघाला. एवढ्यात रस्त्यानं पोस्टमन चालला होता. मामानं हात वर करून रामराम केला. केरबानं सोडलं. विमान नाकावर पडलं आणि पंखा मोडला.

मामानं कपाळावर हात मारला. "आरं, पंखा तरी फिरत होता का? पंखा फिरत असंल आणि हात वर झाला, तरच सोडायचं."

"हे आधीच सांगायचं की, मामा," केरबा म्हणाला.

नवा पंखा बसवला. या खेपेला मात्र सगळं झक्क जमलं. पंखा फिरला, हात वर झाला, केरबानं सोडलं आणि खाली बसला. विमान गोल फिरून त्याच्या डोक्यावरनं गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मामा खूश. बॅटरी संपली, विमान गवतात उतरलं. मामानं मूठ खाली ठेवली, "आण रं ते" असं, केरबाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, वाऱ्यावर म्हणून घरी गेला, भाकरी खाल्ली आणि आडवा झाला. ऊन कलल्यावर हौसाबाई पोराला शोधत आली. बघते तर केरबा माळावर उकिडवा बसलेला, आणि पलीकडं कुणाची तरी शेळी विमानाची शेपटी खातेय.

मामा धावत आला. "आरं, उठायचंस तरी."

"हलू नगंस म्हणालासा."

"आणि विमान?"

"ते गोल फिरून येणार होतं. मी वाट बघत होतो."

मामानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बॅटरी संपून उतरलेलं विमान माळावर टाकायचं नसतंय. ते उचलायचं, खांद्यावर घ्यायचं, आणि नीट घरी आणायचं."

"हे आधीच सांगायचं की, मामा."

शेपटी नवी केली. ती वाळेपर्यंत केरबा रिकामा होता. हौसाबाई म्हणाली, "एवढी म्हस धर. मी गवताचा भारा घेऊन येते." केरबानं दावं धरलं. म्हशीला तळं दिसलं. म्हैस निघाली. केरबाही निघाला. म्हैस पळायला लागली. केरबा आधी पायांवर गेला, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. हौसाबाई दोन्ही हात वर करून ओरडायला लागली. केरबानं हात पाहिले. मग म्हशीला पुढून मागून बघितलं. पंखा कुठंच दिसला नाही. मग सोडायचं कसं? म्हैस तळ्यात शिरली आणि केरबाही शिरला. नाकापर्यंत पाणी आलं, तरी दावं हातात.

त्याला काठाशी ओढून काढता काढता हौसाबाई म्हणाली, "आरं मुडद्या, एवढी ओढ लागल्यावर सोडून द्यायचं असतंय."

"हे आधीच सांगायचं की, आई."

झालं. तेही डोक्यात गेलं.

शेपटी वाळली. मामानं विचार केला, धरायचं काम याच्याच्यानं व्हायचं नाही, उडवायचं तरी बघू. त्यानं केरबाच्या हातात मूठ दिली आणि स्वतः विमान धरलं. पंखा फिरला. विमान सुटलं, उचललं, दोऱ्या ताणल्या. केरबाच्या हाताला झक्कपैकी ओढ लागली. केरबानं सोडून दिलं.

विमान दोऱ्या आणि मूठ लोंबकळत घेऊन सरळ गावाच्या दिशेनं निघालं. नेमके त्याच वेळी दौलततात्या जावई बघायला फटफटीवरून येत होते. डोक्याला गुलाबी फेटा. लोंबकळणारी मूठ फेट्याच्या शेमल्यात अडकली. फटफटी इकडं चालली, विमान तिकडं चाललं, आणि मधल्या मधे फेटा उलगडायला लागला. उलगडतच राहिला. तात्या बोडक्या डोक्यानं देवळाशी थांबले, तेव्हा विमान बाभळीवर बसलेलं होतं आणि सबंध बाभळ गुलाबी झाली होती.

"सोडलंस कशापायी?" मामाचा आवाज रडका झाला होता.

"ओढ लागली."

"आरं, ओढ हाय म्हंजेच विमान जितं हाय. ओढ लागली की घट्ट धरायचं. आणि दोरी ढिली पडली तर एक पाऊल मागं सरायचं, म्हंजे परत ताणती. कळलं?"

"कळलं. हे आधीच सांगायचं की, मामा."

हौसाबाईनं नवा फेटा घेतला आणि केरबाच्या हातात देऊन त्याला तांबेखडकला माफी मागायला धाडलं. तात्या रागात होते. पण फेटा चांगला होता. हाताला मऊ लागला तसे तात्याही जरा मऊ झाले. म्हणाले, "बांधून बघतो. हे दुसरं टोक धर."

आता फेटा बांधताना कसं असतं, बांधणारा गुंडाळत येतो आणि टोक धरणारा हळूहळू पुढं सरकतो. तात्यांनी पहिला वेढा घेतला. कापड जरा ढिलं पडलं. केरबा एक पाऊल मागं सरला. तात्या एक पाऊल पुढं आले. त्यांनी दुसरा वेढा घेतला. केरबा मागं सरला. तात्यांना वाटलं, पोरगं लाजतंय. ते गुंडाळत गुंडाळत पुढं, केरबा ढील बघत बघत मागं. असे ते दोघं सोप्यातून ओट्यावर आले, ओट्यावरून अंगणात आले. अंगणात गुरांना पाणी पाजायचा हौद होता. केरबा पाठमोरा हौदात गेला. जाताना त्याच्या हाताला भलतीच ओढ लागली. ओढ लागली म्हणून त्यानं घट्ट धरलं. मग काय, तात्या भोवऱ्यासारखे फिरले, फेटा सगळाच्या सगळा सुटला, आणि तात्या वाळवणाच्या पापडांत बसले.

दारात शालन पदर तोंडात कोंबून उभी होती. तिला हसू आवरेना.

"मागं बघून पाऊल टाकावं, येवढंबी कळत न्हाई?" तात्या पापडांतून म्हणाले.

"हे आधीच सांगायचं की, तात्या," केरबा हौदातून म्हणाला.

तात्यांचं डोकं संध्याकाळपर्यंत गरगरत होतं. केरबाला काळजी वाटली. त्यानं परत येऊन मामाला विचारलं, "मामा, गोल फिरल्यावर माणूस गरगरतोय. मग मी आखाड्यात काय करू?"

केरबानं आपण होऊन काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मामाला भरून आलं. तो म्हणाला, "एकच युक्ती हाय बाबा. बाकी कुठं बघायचं न्हाई. नजर विमानावर ठेवायची, ते फिरंल तसं आपण फिरायचं. बॅटरी संपून ते थांबलं की आपण थांबायचं."

केरबानं ते डोक्यात घातलं. हसू नका अजून. पुढं ऐका.

हौसाबाईनं तात्यांच्या हातापाया पडून मुलगी बघायचा कार्यक्रम ठरवला. भिंतीला टेकून पाहुणे बसले. जागा उरली नाही म्हणून केरबाला मधोमध पाट दिला. शालन पोह्यांच्या ताटल्यांचं तबक घेऊन आली आणि एका कडेनं पाहुण्यांना देत निघाली. केरबानं तिच्याकडं पाहिलं. बघतच राहिला. ती डावीकडं गेली, तो पाटावर डावीकडं वळला. ती मागच्या भिंतीकडं गेली, तो पाटासकट मागं वळला. ती फिरून पुढं आली, तोही फिरून पुढं आला.

शालनच्या लक्षात आलं. खट्याळच ती. सगळ्यांना पोहे देऊन झाले, तर ती पाण्याचे तांबे घेऊन आली. तो फिरला. मग चहा घेऊन आली. तो फिरला. मग सुपारी. मग नुसतंच रिकामं तबक. पाट दगडी फरशीवर कुईकुई करत होता. शालनच्या आत्याबाईंना बघून बघून घेरी आली आणि त्यांना पंख्यानं वारा घालावा लागला.

"आरं, एका जागी बघ की," हौसाबाई दातओठ खात कुजबुजली.

"एका जागीच बघतोय," केरबा म्हणाला. "जागाच फिरतीया."

तात्या उठले आणि म्हणाले, "बास. आता काय ते आखाड्यात."

जत्रेचा दिवस उजाडला. कुस्त्या झाल्या. आखाड्यातली माती सारखी केली. हलगी वाजायला लागली. पंच म्हणून दौलततात्या स्वतः काठावर बसले होते. बायकांच्या गर्दीत शालन होती, आणि तिच्या शेजारी हौसाबाई. हौसाबाईच्या हातात देवाला फोडायचा नारळ होता. तो तिनं इतका घट्ट धरला होता की तिथंच फुटला असता.

मामानं मात्र त्या दिवशी डोकं चालवलं. मुठीला नाडीचा फास करून त्यानं तो केरबाच्या मनगटात अडकवला. चांगले उडवणारेसुद्धा असा फास घालतात. केरबासाठी मामानं दोन गाठी जास्त मारल्या.

पंखा फिरला. विमान सुटलं. आणि काय सांगू तुम्हाला, चुकत चुकत शिकलेलं सगळं त्या दिवशी एकदाचं जागेवर पडलं. ओढ लागली, केरबानं घट्ट धरलं. दोरी ढिली पडली, त्यानं आधी मागं बघितलं आणि मग पाऊल मागं टाकलं. नजर विमानावर. विमान फिरलं तसा फिरला. विमान वर गेलं, खाली आलं, सरळ झालं. हलगीवाला वाजवायचा थांबला. हौसाबाईच्या डोळ्यांना धार लागली. शालन नुसती बघत होती, आणि तिला वाटत होतं की आता हे असंच फिरत राहावं.

तात्यांना राहवलं नाही. "भले शाब्बास," म्हणून त्यांनी हात वर केला.

पंखा फिरत होता. हात वर झाला होता. केरबानं मूठ सोडली.

मामानं डोळे मिटले. पण फास मनगटात होता. मूठ मनगटाला हिसका देऊन उलटीपालटी झाली, त्याबरोबर विमान सरळ आभाळात चढलं, पाठीवर झालं, भली मोठी गिरकी मारून खाली आलं, आणि मातीला लागता लागता केरबाच्या हाताला पुन्हा ओढ लागली. ओढ लागली म्हणून त्यानं मूठ धरली. विमान सरळ झालं. तेवढ्यात बॅटरी संपली आणि ते दौलततात्यांच्या पुढ्यात अलगद येऊन बसलं. पंखसुद्धा दुखावला नाही.

सगळी जत्रा ओरडत होती. अशी गिरकी त्या आखाड्यात कुणी मारली नव्हती. तात्यांनी नवा फेटा डोक्यावरचा काढला आणि केरबाच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "पोरगी दिली."

केरबानं विमान उचललं, खांद्यावर घेतलं आणि नीट घरी नेलं. मामा मागं मागं पळत त्याला विचारत होता, "सोडलंस कशापायी?"

"हात वर झाला."

"आरं, तो नियम मुठीवाल्याला न्हाई. ज्यानं विमान धरलंय, त्याला. त्यानं सोडायचं आणि त्यानं बसायचं."

"हे आधीच सांगायचं की, मामा," केरबा म्हणाला. आणि तेही डोक्यात घातलं.

लग्न तांबेखडकला झालं. नीट झालं. संशय यावा इतकं नीट झालं. अंतरपाट वेळेवर दूर झाला, हार योग्य गळ्यात पडले, जेवणं उरकली. हौसाबाईनं मनातल्या मनात देवाला दुसरा नारळ बोलला.

मग पाठवणीची वेळ आली. अंगणात जीप उभी होती. इंजिन तापतं म्हणून ड्रायव्हरनं समोरचं झाकण उघडून पाणी ओतलं आणि गाडी चालू करून बघितली. केरबा शेजारीच उभा होता. त्यानं आत डोकावून पाहिलं. आत पंखा फिरत होता.

झाकण लागलं. हौसाबाई मागं बसली, तिच्याजवळ रुखवताची भांडी. केरबानं शालनला हात देऊन जीपमध्ये चढवलं. तिचा हात त्याच्या हातात होता. त्याचा एक पाय आत जाणार, एवढ्यात शालनची आई रडली, आत्याबाई रडल्या, आणि सगळ्या तांबेखडकानं निरोपाचा हात वर केला.

केरबानं सोडलं. आणि खाली बसला.

जीप गेली. ड्रायव्हरला वाटलं नवरदेव मागं आहे. हौसाबाईला वाटलं पोरगं पुढं बसलंय. शालन डोक्यावरचा शेला सावरत होती. धुरळा खाली बसला. दौलततात्यांनी डोळे पुसले, आणि बघतात तर अंगणाच्या मधोमध बाशिंग बांधलेला जावई उकिडवा बसलेला.

"जावईबापू, तुमी हितं?"

"हलायचं नसतंय."

"आणि शालन?"

"ती गोल फिरून परत हितंच येती," केरबा म्हणाला. "बसा तुमीबी. डोक्याला लागंल."

तात्या घाबरून बसले.

आणि आली की हो. वेशीजवळ शालनच्या लक्षात आलं. तिनं ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. तांबेखडकचा रस्ता देवळाला वळसा घालून परत तात्यांच्याच दाराशी येतो. जीप आलेली बघून सगळ्यांना इतकं हायसं वाटलं, की सगळ्यांनी हात वर केले. केरबा उठून शालनचा हात धरत होता. त्यानं सोडलं आणि बसला. ड्रायव्हरला वाटलं, नवरदेव चढला आणि लोक निरोप देतायत. त्यानं गाडी सोडली.

जीप पुन्हा देवळाला वळसा घालून आली. या खेपेला शिदूमामा पुढं धावला. "कुणी हात वर करू नका," असं ओरडला, आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यानं हात वर केला.

जीप पुन्हा गेली. पुन्हा आली. आता हात कुणाचे आणि कशासाठी वर होतायत ते कुणालाच कळेना. कुणी थांबवायला वर करी, कुणी बोलवायला, कुणी कपाळावर मारायला. वाजंत्रीवाल्यांना वाटलं ही या घराण्यातली रीत असेल. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. जीप वाजतगाजत देवळाभोवती फिरत होती. रुखवताची भांडी खणखणत होती. हौसाबाई दर फेरीला हातवारे करून जात होती. शालन हसून हसून भांड्यांवर पडली होती. आणि अंगणात केरबा जीपवर नजर ठेवून बसल्या जागी हळूहळू फिरत होता.

शेवटी डिझेल संपलं. जीप तात्यांच्या दाराशी अलगद येऊन थांबली.

"बॅटरी संपली," केरबा म्हणाला. "उतरलं."

आता कुणाचा हात वर नव्हता आणि कुठला पंखाही फिरत नव्हता. केरबा उठला. जीपजवळ गेला. शालनला त्यानं उचललं, खांद्यावर घेतलं, आणि हिंगणवाडीच्या रस्त्याला लागला. शालननं जराही कुरकुर केली नाही. बाजारातल्या अंड्यांच्या पाटीसारखंच तो तिला जपून नेत होता.

"आरं, आणि मी?" जीपमधून हौसाबाई म्हणाली.

केरबानं मान वळवली. "आई, तू हलू नगंस. मी गोल फिरून परत हितंच येतो."

हौसाबाई भांड्यांत बसून राहिली. दौलततात्या जीपजवळ आले. गेलेल्या लेकीकडं बघितलं, जावयाच्या पाठीकडं बघितलं, आणि डोक्यावरचा फेटा काढून हातात घेत ते म्हणाले, "विहीणबाई, हे आधीच सांगायचं की."